दंडमाफीचं कारण

बाजारात त्याला सगळे गोष्टीवाला म्हणत. धंदा जुन्या फर्निचरचा, पण गिऱ्हाईक खुर्चीबरोबर गोष्टही घरी घेऊन जायचं. टेबलाचा पाय डुगडुगत असला की ते टेबल कुठल्याशा न्यायाधीशाचं, आणि कपाटाचं दार लागत नसलं की त्यात कधीकाळी एका नटीचे दागिने होते. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हा त्याचा मंत्र. त्यात खरं किती आणि खोटं किती, असं विचारणारा माणूस त्याच्या मते अगदीच अरसिक.

म्हणून लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, बँकेत माझ्याबरोबर याल? मला नाही बोलता येणार," तेव्हा त्याला काळजी वाटायच्या आधी चक्क आनंद झाला. हॉस्पिटलमधून आल्यापासून ती त्याच्याशी हो-नाहीपलीकडे बोललीच नव्हती. आता निदान कशासाठी तरी तिला बाप हवा होता.

तिचं बाळ दिवस पुरे भरल्यावर पोटातच गेलं होतं. मुलगी होती. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, बघायचंय का?" तर तो नको म्हणाला. त्याची छातीच झाली नाही. लेक रडली नाही, त्याबद्दल बोलली नाही, आणि मग घरातल्या सगळ्यांनीच विषयाला कुलूप घातलं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक घेऊन निघून गेला. औषधांच्या दुकानातलं तिचं काम रोजावरचं. ती जाईना, म्हणून पैसे येईनात. पाळण्याचा हप्ता मात्र खात्यातून इमानेइतबारे कापला जात होता. पाळणा तिने मुद्दाम कोरा घेतला होता. "तुमच्या दुकानातला नको हं बाबा, माझ्या बाळाआधी त्यात कुणी झोपलेलं नको," असं हसत म्हणाली होती. खातं रिकामं झालं तेव्हा हप्ता परत गेला आणि बँकेने दंड लावला. दंडाने खातं आणखी खाली गेलं, म्हणून पुन्हा दंड. तिने बँकेचे मेसेज उघडायचंच सोडून दिलं.

बसमध्ये ती म्हणाली, "एक सांगते. तिथे बाळाचं काही काढायचं नाही."

"वेडी का तू? मी कशाला काढेन?"

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ. तू नुसती शेजारी बस, बाकीचं मी बघतो. अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा..."

उरलेली म्हण त्याने गिळली. लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

बँकेत काचेपलीकडे चष्मा लावलेली एक तरुण क्लार्क होती. काचेला खाली हात जाईल एवढी खाच, आणि दोरीने बांधलेलं पेन. गोष्टीवाल्याने सुरुवात नेहमीसारखी केली. "मॅडम, तुमची खुर्ची करकरतेय. माझ्या दुकानात आणा, फुकट नीट करून देतो." ती हसली नाही. मग त्याने लेकीचा साधेपणा, तिचा विसराळूपणा, इतक्या वर्षांचं खातं, सगळं मांडून पाहिलं.

"काका, मेसेज गेले होते सगळे," क्लार्क म्हणाली. "पण तसंच कारण असेल तर एकदा दंड माफ करता येतो. आजारपण, नोकरी जाणं, घरात कुणी वारलं... तसं काही आहे का?"

"नाही," लेक म्हणाली आणि उठली. "चला, बाबा."

उठून चाललेलं गिऱ्हाईक त्याने जन्मात कधी सोडलं नव्हतं. जीभ सवयीने सुटली. "मॅडम, हिचं बाळ गेलं हो."

आणि एकदा सुटल्यावर ती थांबेना. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, नर्सचा उतरलेला चेहरा, खोलीत रिकामा उभा असलेला कोरा पाळणा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्याला ठाऊक होतं. "एवढ्याशा मुठी होत्या हो तिच्या," तो म्हणाला, "घट्ट मिटलेल्या." मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. क्लार्कने चष्मा काढून डोळे पुसले. काम फत्ते झालं हे त्याला कळलं, आणि देवा शप्पथ, क्षणभर त्याला बरंही वाटलं. लेकीकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

"मी सगळा दंड काढून टाकते," क्लार्क म्हणाली. "फक्त इथे नाव घालावं लागेल. गेलेल्या व्यक्तीचं."

"नाव कुठलं, मॅडम? नाव ठेवायची वेळच कुठे..."

"आहे नाव," लेक म्हणाली.

ती वाकली, काचेच्या खाचेपाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. शेजारी नोटा मोजायचं मशीन फरफरत होतं. त्याला काही ऐकू आलं नाही. क्लार्कने टाईप केलं आणि हळूच म्हणाली, "किती छान नाव आहे." तेव्हा कुठे लेक रडली, पहिल्यांदा, काचेला कपाळ टेकून, त्या अनोळखी मुलीसमोर. क्लार्कने खाचेतून हात घालून तिचा हात धरला. गोष्टीवाला मागे उभा राहिला. आपला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

बाहेर आल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "सगळा माफ झाला बघ."

"हं." थोडं चालून ती थांबली. "मुठी मिटलेल्या नव्हत्या, बाबा. उघड्या होत्या."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "काय नाव ठेवलं होतंस गं?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे पर्स खांद्यावर घेतली. "त्या मॅडमना विचारा," म्हणाली, आणि बस स्टॉपकडे निघाली. मागे वळून पाहिलं नाही.

तो खरंच परत फिरला. दारावर हात ठेवला. आत क्लार्कसमोर दुसरं कुणी बसलं होतं. जाऊन म्हणायचं काय? माझ्या नातीचं नाव काय हो? त्याने ते वाक्य मनात जुळवून पाहिलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. एवढं एक वाक्य काही केल्या त्याच्या तोंडून बाहेर येण्यासारखं होईना.

"काका, आत यायचंय की नाही?" वॉचमनने विचारलं. "लोक खोळंबलेत."

तो बाजूला झाला.