साहेबांच्या टेबलावरचा ‘हटवा’

मित्रांनो, मी एक जुना, लाकडी मुठीचा शिक्का आहे. माझ्या रबरी तळव्यावर एकच शब्द कोरलेला आहे : हटवा.

माझी नेमणूक एका सरकारी कार्यालयात झाली. इंटरनेटवर कोणी कोणाला धमकावले, कोणाची बदनामी केली, की त्याच्या तक्रारी तिथे येत. आमचे साहेब प्रत्येक कागद दोनदा वाचत. मी उमटलो की तो मजकूर काढून टाकावाच लागे.

ते दिवस माझ्या मानाचे होते. एका शाळकरी मुलीचे चोरून काढलेले फोटो माझ्यामुळे संध्याकाळच्या आत नाहीसे झाले. तिची आई टेबलापाशी येऊन साहेबांना हात जोडून गेली. पण साहेब मला ऊठसूट उचलत नसत. एका पाववाल्याने रस्त्यांच्या कामावरून अधिकाऱ्यांचे वाभाडे काढले, तेव्हा वरून फोन आला. साहेब म्हणाले, "कडू आहे, पण खोटं नाही. राहू दे." आणि मला डबीत ठेवून दिले.

मग एका नामांकित वक्त्याचे भाषण आले. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना घरात घुसून मारा, असे तो उघड सांगत होता. साहेबांनी मला जोरात दाबले. दुसऱ्या दिवसापासून त्याचे चाहते साहेबांवर तुटून पडले. साहेबांना लाच खाणारा म्हटले, भेकड म्हटले. कारकून म्हणाले, "साहेब, हे तरी काढू या." साहेब हसले. "माझ्यावरची टीका मीच पुसायला लागलो, तर लोकांनी बोलायचं कुठे?"

चार दिवसांनी त्यांची मुलगी कार्यालयात आली. ती बालवाडीत शिकवायची. कोणीतरी तिचा फोटो आणि शाळेचा पत्ता टाकला होता. खाली लिहिले होते, बापाला धडा इथे शिकवा.

"बाबा, फाटकाबाहेर दोन माणसं उभी असतात. पोरं घाबरतात."

"पोलिसांना आत्ताच सांगतो. पण ही तक्रार मला निकालात काढता येत नाही, बाळा. घरच्या माणसाचं प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातं."

"शिक्का तुमच्यासमोर आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात माझ्या मुठीपर्यंत आला आणि मागे गेला. कागद घेऊन ते स्वतः समोरच्या इमारतीत गेले. तिथले अधिकारी रजेवर होते.

अकराव्या दिवशी तो मजकूर हटला. नवव्या दिवशी मात्र शाळा सुटताना कोणीतरी तिला फाटकावर ढकलले होते. हाताचे हाड मोडले, आणि ते तिच्या वर्गातल्या मुलांनी पाहिले. पोलीस कोपऱ्यावर होते, फाटकाशी नव्हते. तिने नोकरी सोडली, गावही सोडले.

पुढे सगळे काम संगणकावर गेले आणि मी खणात पडलो. माझ्या तळव्यावरची शाई वाळून तडकली. निवृत्तीच्या दिवशी साहेब खण आवरायला बसले. एका हातात मी होतो, दुसऱ्या हाताने त्यांनी मुलीला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने तो उचलला.

"माझं चुकलं का गं?" त्यांनी विचारले.

ती म्हणाली, "नाही बाबा. तुम्ही बरोबरच होतात. पण मी त्या दिवशी साहेबांकडे आले नव्हते."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला रुमालात गुंडाळले आणि घरी आणले. आता मी त्यांच्या खिडकीत असतो.

मित्रांनो, मी हटवलेला मजकूर दिसेनासा होतो, पण ज्याने तो वाचून भोगला त्याच्या मनातून हटत नाही. तिथवर माझी शाई पोहोचत नाही. म्हणून कोणाविषयी लिहिताना बोट क्षणभर थांबवा. आणि तुमचे माणूस घाबरून दारात आले, तर नियम जरूर पाळा, पण आधी त्याचा हात धरा. आमच्या साहेबांनी तो धरला नाही, आणि मी टेबलावरून पाहत राहिलो.