मेस्त्री पत्ते शिकतात

“उजवीकडून मांडा हो मेस्त्री, उजवीकडून! ती भाषाच उजवीकडून वाचतात,” शिंपीणबाई म्हणाल्या, तशी मेस्त्रींनी टेबलावर मांडलेली सगळी ओळ परत गोळा केली.

शिकवणीचा हा अकरावा दिवस. चाळीस वर्षं लिफ्टच्या मोटरी आणि दोर हाताळून त्यांची बोटं अशी जाड झाली होती, की एक पत्ता उचलायला जावं तर दोन हातात यायचे.

“हा उंट आला. उंटाचं काय?”

“गिमेल. लांबचा प्रवास. नाहीतर कुणीतरी ओझं वाहून दमलंय. ताई समोरचं माणूस बघून सांगायच्या.”

“म्हणजे नक्की असं काही नाहीच.”

“तुम्हाला सगळं नटबोल्टसारखं हवं. मी इतकी मापं घेते, तरी कपडा एकदा अंगात घालून बघावाच लागतो की नाही?”

ताई म्हणजे मेस्त्रींची बायको. ती पलंगावर उशीला टेकून दोघांकडे बघत होती. चार महिन्यांपूर्वी सकाळी केस विंचरता विंचरता तिच्या हातातून कंगवा पडला तो पडलाच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या भाषेतून एकच शब्द तिच्याजवळ उरला, “नाही.” भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. कधी लाडानं म्हणायची, कधी करवादून. मानही तशीच, कशालाही आडवीच हलायची. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत.

ते पत्ते तिचेच. ज्यूंच्या कब्बाला नावाच्या जुन्या गूढविद्येवर बेतलेले. पंचवीस वर्षांपूर्वी तिने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणले होते. एकूण बत्तीस. दहांवर एका झाडाचे दहा गोल. सगळ्यात वर मुकुट, सगळ्यात खाली राज्य, मध्ये दया, कठोरपणा असं काय काय. उरलेल्या बावीसांवर हिब्रूची बावीस अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराची एक वस्तू. घर, दार, पाणी, डोळा. सोबतच्या पुस्तिकेवरून शब्दकोश घेऊन तिने एक वही तयार केली होती. दुपारी इमारतीतल्या बायका यायच्या, एक पत्ता काढायच्या आणि तासभर बोलून, डोळे पुसून जायच्या. शिंपीणबाई त्यांतल्याच, रोज बसून बसून शिकलेल्या.

मेस्त्रींना ते थोतांड वाटायचं. “लिफ्ट बंद पडणार असेल तर आदल्या दिवशी सांगत जा, मी सुट्टी टाकतो,” असं म्हणून ते हसायचे. तीही हसायची. पण पत्ता काढा म्हणून तिने त्यांना कधी म्हटलं नाही.

आता तेच मेस्त्री वही उघडून धडे घोकत होते. कारण साधं होतं. डावा हात तिचा चांगला होता. शब्द सापडत नसतील, तर पत्ता काढून तरी ती सांगेल.

विचारायचं होतं एकच. लेक दुसऱ्या शहरात राहायची. तिच्या घराजवळच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झाली होती. तिथे बोलायला शिकवणारी बाई रोज येणार होती, उचलायला दोन माणसं होती. मेस्त्रींना मात्र तिथे राहता येणार नव्हतं. लेकीच्या दोन खोल्यांत आधीच सासूसासरे होते.

तेवढ्यात लेकीचाच फोन आला. मेस्त्री स्वयंपाकघरात जाऊन बोलले.

“बाबा, फॉर्म पोचला. सही बरोबर आहे. शुक्रवारी गाडी येईल.”

“बरं.”

“आईला सांगितलंत ना?”

“सांगतो.”

“बाबा, अहो सोमवारपासून सांगतो सांगतो म्हणताय.”

“सांगतो म्हटलं ना गं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि उगाचच नळ घट्ट केला.

बाहेर शिंपीणबाई चपला घालत होत्या. “विचारून घ्या आता. मी थांबत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “नवराबायकोत तिसरं माणूस कशाला.”

मेस्त्रींनी पलंगावर ट्रे ठेवला आणि पत्ते उलटे पसरले. शिकवल्याप्रमाणे तीन वेळा श्वास घेतला. आपण हे काय करतोय असं वाटून कानाच्या पाळ्या तापल्या.

“अगं, ऐक. लेक म्हणतेय, तू तिकडे जावंस. तिथे चांगलं बघतील तुला. तुला जायचंय का? पत्ता काढ.”

 तिने डाव्या हाताने एक पत्ता ओढून सुलटा केला.

दालेत. दार.

 मेस्त्रींनी घाईने वही चाळली. तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं : “दार. जाणं किंवा अडणं. उघडं आहे की बंद, ते पत्ता काढणाऱ्यालाच विचारायचं.”

त्यांनी तीच ओळ दोनदा वाचली.

“उघडं की बंद?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे उघडं नाही? की बंद नाही?”

“नाही. नाही नाही.”

“बरं, आपण परत काढू.” त्यांनी पत्ते पिसले. या वेळी पाणी आलं. तिसऱ्यांदा कुंपण. वहीत प्रत्येकापुढे दोन अर्थ होते आणि दोन्ही पटत होते. “मन लावून काढ ना गं!” त्यांचा आवाज चढला, तसा तिने हाताच्या एका फटकाऱ्याने अर्धे पत्ते खाली उडवले.

मेस्त्री गुडघ्यांवर बसून पलंगाखालून पत्ते गोळा करू लागले. गोळा करता करता त्यांना वाटलं, असंच खाली बसून राहावं, वर तोंड काढूच नये.

ते उठले तेव्हा तिने हात पुढे केला होता. त्यांनी गठ्ठा दिला. तिने तो मांडीवर ठेवला, एका हाताने जमेल तसा पसरला, आणि पसरलेल्या पत्त्यांवर बोटाने टकटक केलं. मग त्यांच्याकडे बोट केलं.

“मी? मी काढू?”

ती वाट बघत राहिली, बायका समोर बसल्या की बघायची तशी, मान जराशी कलती करून.

मेस्त्रींनी एक पत्ता काढला. काफ. तळहात. वही त्यांनी उघडली नाही. तिने त्यांचा हात धरून उलटा केला आणि तळव्यावर आपला अंगठा ठेवला. मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

“परवा तू बाथरूममध्ये पडलीस ना,” मेस्त्री म्हणाले, “ते फरशी ओली होती म्हणून नाही. माझ्याच्यानं धरवलं नाही. हात सुटला माझा.”

ती ऐकत होती.

“मला होत नाही गं आता. मी सही केली. सोमवारीच. तुला न विचारता. आणि आज विचारायचं नाटक करतोय.” त्यांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले. “तू हो म्हणावंस, एवढंच हवं होतं मला.”

तिचे ओठ हलले. काहीतरी शोधत होती ती. कपाळावरची शीर फुगली, मान थरथरली. मेस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू आत्ता येईल, आत्ता येईल. शेवटी आला तो तोच शब्द, अगदी हलक्या आवाजात. तो कशाला होता, जायला, सहीला, की त्यांच्या रडण्याला, ते मेस्त्रींना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. इमारत जुनी, बिनलिफ्टची, जिना अरुंद, म्हणून दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधलं आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला घेतलं. पिशव्या घेऊन मेस्त्री पुढे होते. दारादारांत बायका उभ्या होत्या. शिंपीणबाईंनी रात्रीतून शिवलेली शाल तिच्या खांद्यांवर घातली आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या मजल्यावर माणसांनी दम खायला खुर्ची टेकली. तेव्हा तिने मेस्त्रींची बाही ओढली. ते वाकले. घाईत त्यांनी सदऱ्याची बटणं एकेक काज चुकवून लावली होती. तिने डाव्या हाताने वरचं बटण सोडवलं, मग दुसरं. ते योग्य काजात घालायला तिला फार वेळ लागत होता. बटण निसटत होतं, ती पुन्हा धरत होती.

“काकू, खाली गाडी...” एक माणूस म्हणायला लागला, पण दुसऱ्याने त्याला मानेने गप्प केलं.

मेस्त्री दोन्ही हातांत पिशव्या धरून तसेच वाकून उभे राहिले. अजून तीन बटणं बाकी होती.