शिलाँगचे नऊ सामने आणि माझी मान

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. आरवण्याची वेळ पहाटेची, आणि ती मी आजवर चुकवलेली नाही. माणसांच्या एकाही अंदाजाबद्दल असं म्हणता येणार नाही.

नंदुरबारच्या एका गल्लीत शब्बीरचा गाद्या भरण्याचा कारखाना आहे. पुढच्या खोलीत कापूस पिंजण्याचं मशीन, मागच्या खोलीत संसार. माझी आई अर्धवट उबवलेली अंडी सोडून उठली ती परत बसलीच नाही. शब्बीरच्या बायकोने, नईमाने, ती अकरा अंडी टोपलीत कापसावर ठेवली आणि वर बल्ब टांगला. दहा फुटली नाहीत. अकरावा मी. तेव्हापासून बहुमताला मी फारशी किंमत देत नाही.

नईमाने माझं नाव नवाब ठेवलं. 'तित्-तित्-तित्' करून ती दाणे टाकायची. तिला माझी योग्यता कळली होती. बाकीच्यांचं सांगतो.

संध्याकाळी कारखान्यात दोघे हमखास येत. एक सुकलाल, मिरची वाळवण्याच्या पथारीवर कामाला, येतानाच शिंकत येणारा. दुसरा अकील, रिक्षावाला. अकीलचा मोबाइल गादीला टेकवून तिघे बास्केटबॉलची लीग बघत. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. मीही पाहिलंय. दहा धडधाकट माणसं एका चेंडूमागे धावतात, तो जाळीत टाकतात, आणि त्या जाळीला तळच नसतो. यावर आणखी काय बोलायचं?

नईमा दारात बसून गाद्यांच्या खोळी शिवत बघायची. तिने शिलाँगचा संघ धरला होता. ना नावाजलेला खेळाडू, ना मोठा मालक. त्या वर्षी अठरापैकी सोळा सामने हरले. अकील हसायचा. ती म्हणायची, "हारनेवालों के घर में भी कोई राह देखता होगा, भाईजान."

पावसाळ्यात नईमा गेली. अकीलच्याच रिक्षातून दवाखान्यात नेली होती. संध्याकाळी रिक्षा रिकामी आली. चाळीस दिवस मशीन बंद होतं.

दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला आणि दोघे पुन्हा येऊ लागले. अंदाज ठरलेले. लुधियाना पहिला, कारण तीन वर्षं तोच जिंकला होता. शिलाँग दहावा. शब्बीरची नजर रिकाम्या दाराकडे गेलेली पाहून सुकलाल म्हणाला, "भाऊ, यंदा भाभीनी टीम वर यी, देखजो."

त्याने बरं वाटावं म्हणूनच म्हटलं असणार. शब्बीरला ते सोसलं नाही. तो ओरडला, "अर्ध्या हंगामले पहिल्या चारमा उनी ना, तं तिन्हाच कोंबडा कापीसन तुमले खावाडसू!"

म्हणजे नऊ सामन्यांनंतर शिलाँग पहिल्या चारांत असलं, की मी ताटात. पैज माणसांची, मान माझी. दाणे टिपता टिपता मी ऐकलं.

मग शिलाँग जिंकू लागलं. एक, दोन, सलग चार सामने. कोणी चेंडू फार वेळ हातात ठेवत नसे, एवढीच त्यांची युक्ती. लुधियाना घसरत आठव्यावर गेला. आता अकील म्हणे, "मैं तो पहले से बोलता था." सुकलाल म्हणे, "मी तं गये सालच वळखेल व्हतं." हेच ते दोघे! अंडं फुटल्यावर आत काय होतं ते सांगायला ज्योतिषी कशाला लागतो?

शब्बीरची मुलगी इरम दहावीत आहे. खुराड्याशी येऊन ती हळूच सांगायची, "नवाब, आज भी जीत गए." तिचा चेहरा जिंकल्यासारखा नसायचा. शब्बीरचंही तेच. शिलाँगचा चेंडू जाळीत पडला की तो हसायचा आणि लगेच माझ्याकडे बघायचा. जिंकणारा संघ नईमाचा. कापायचा कोंबडाही तिचाच.

नववा सामना रविवारी दुपारी होता, लुधियानाशी. जिंकले तर तिसरे, हरले तर पाचवे. शेवटचे काही सेकंद उरले, शिलाँग एका गुणाने मागे. कोपऱ्यातून त्यांच्या एका पोराने चेंडू उचलला, आणि शब्बीर गादीवर उभा राहून ओरडला, "मार! मार बेटा!"

चेंडू जाळीत पडला. शब्बीर खाली बसला.

माझ्या मरणासाठी तो ओरडला होता. मी ते माफ केलेलं नाही. पण नईमा गेल्यापासून त्या आवाजात पहिल्यांदा जीव होता, हेही खोटं सांगणार नाही.

"जबान दी थी, शब्बीरभाई," अकील म्हणाला. अशा वेळी असा एक माणूस असतोच.

शब्बीरने सुरी काढली. इरमने मला छातीशी धरलं होतं. "शर्त आपने लगाई थी, अब्बा. नवाब ने नहीं."

"दे, बेटा."

त्याने मला घेतलं. तेवढ्यात सुकलाल उठला. माझी तंगडी दाबून त्याने तोंड वाकडं केलं.

"अरे, हाऊ तं बुढा व्हयी गया! नुसता हाडं शेतस. यान्हापेक्षा वांगानं भरीत कर."

"लेकिन जबान..." अकील.

"तू चूप ऱ्हाय. तुन्हा दात पडनात तं मन्हाकडे येऊ नको."

बुढा! मी अडीच वर्षांचा, ऐन उमेदीतला! मी सुकलालच्या हाताला कडकडून चोच मारली. त्याने हात मागे घेतला नाही. तसाच ठेवून तो शब्बीरकडे बघत राहिला. मग शब्बीरने सुरी खाली ठेवली.

तिघांनी भरीत खाल्लं. मिरची इतकी होती की शब्बीरच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कोणी विचारलं नाही.

आता उरलेला अर्धा हंगाम चालू आहे. शिलाँग जिंकणारच, असं ते दोघे छातीठोक सांगतात, म्हणजे अवघडच दिसतंय. शब्बीर पैज लावत नाही. सकाळी तो दाणे टाकतो आणि तित्-तित् करून बघतो. त्याला जमत नाही. मी त्याला थोडं ताटकळत ठेवून मगच जवळ जातो.

तुम्हाला एवढंच सांगणं, अंदाज बांधा, पण स्वतःच्या मानेवर. आणि मी म्हातारा नाही. फक्त सुकलाल आला की, अकील बघत असेल तोवर, मी जरा लंगडत चालतो.