हद्दीवर बसलेला रोलर

मित्रांनो, मी एक जुना रोडरोलर आहे आणि गोष्ट सुरू करण्याआधीच एक सांगून टाकतो. त्या दिवशी मी बंद पडलो नव्हतो. मी बसलो होतो. बंद पडणं वेगळं आणि बसणं वेगळं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी खुशाल दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाची चाकं, डिझेलचं इंजिन, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि अंगावर पिवळाधमक रंग. नगरपालिकेने मला आणलं तेव्हा बघायला ही गर्दी लोटली होती! शहरात असा एक रस्ता दाखवा जो मी दाबलेला नाही. शाळेपुढचा, बाजारातला, अगदी स्मशानाकडचासुद्धा. जिल्ह्याच्या बांधकाम खात्याकडे स्वतःचा रोलर नव्हता, म्हणून शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी तेही मलाच मागून न्यायचे. काम झालं की पाठ थोपटायचे आणि तेल घालायला मात्र विसरायचे.

माझ्या चालकाला सगळे मामा म्हणत. मामांचा जीव मोठा आणि तोंड त्याहून मोठं. सकाळी माझ्या अंगावरून फडकं फिरवताना ते मला इतकं बोलायचे की शेजारच्या पाण्याच्या टँकरला वाटे, आज आमचं काही खरं नाही. पण कुणी दुसऱ्याने मला 'डबडं' म्हटलेलं त्यांना खपत नसे.

आता त्या पट्ट्याबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. शहराचा डांबरी रस्ता जुन्या नाक्यापाशी संपायचा आणि जिल्ह्याचा रस्ता पुढच्या पुलापासून सुरू व्हायचा. मधे एक तुकडा उरला होता, चार-सहा ट्रक एकामागे एक उभे राहतील एवढा. शहरवाले म्हणायचे, आमची हद्द नाक्यापर्यंत. जिल्हावाले म्हणायचे, आमची पुलापासून. त्यामुळे त्या तुकड्यावर ना डांबर, ना दिवा, ना कचरागाडी. होते ते खड्डे आणि चिखल. दोन्हीकडचे रस्ते दाबत मी कितीदा तरी त्या काठापर्यंत आलो, आणि दर वेळी मला तिथूनच मागे फिरवलं. माझं इंजिन नुसतं तापायचं.

मामांची बायको, म्हणजे आमच्या मामी, आजारी पडल्या. मूत्रपिंडांनी दगा दिला. रक्त शुद्ध करायचं यंत्र पुलापलीकडच्या जिल्हा रुग्णालयात होतं आणि तिथे आठवड्यातून दोनदा जावं लागे. शहराची रुग्णवाहिका त्यांना नाक्यावर उतरवायची, कारण हद्द! जिल्ह्याची रुग्णवाहिका पुलापाशी उभी असायची, कारण पुन्हा हद्दच! मधला चिखल मामींनी मामांचा हात धरून पायी तुडवायचा. येताना तर त्यांच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसे.

एकदा त्या पडल्या. हाताला लागलं, लुगडं चिखलात माखलं, आणि बघणारे बघत राहिले. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "मरण येईल ते घरात येऊ दे. त्या चिखलातून मी आता जाणार नाही." आणि खरंच एक खेप चुकवली. दुसऱ्या दिवशी मामा माझ्याजवळ आले ते फडकं न घेताच. चाकाला टेकून बसले आणि म्हणाले, "पाय सुजलेत रे तिचे. माझं ऐकत नाही. काय करू?" त्या दिवशी त्यांनी मला एकही शिवी दिली नाही. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात माझाही निकाल लागला होता. जिल्ह्याचा एक रस्ता दाबायचा आणि मग थेट भंगारात. म्हटलं, ठीक आहे. भंगारातच जायचं तर आता भ्यायचं कुणाच्या बापाला?

मामा मला घेऊन निघाले. नाका ओलांडला, पट्ट्यात शिरलो, बरोबर मध्यावर आलो, आणि मी बसलो. मामांनी हँडल मारलं. मी ढिम्म! मिस्त्री आला, त्याने माझं पोट उघडून पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सगळं तर ठीक आहे." अरे, ठीक असणारच!

दोन्ही बाजूंना चर, मधे मी. बस अडकल्या, टँकर अडकले, भाजीच्या गाड्या अडकल्या. शेवटी एकीकडून नगरपालिकेचे मुख्याधिकारी आले आणि दुसरीकडून जिल्ह्याच्या अभियंता बाई.

"रोलर तुमचा, तुम्ही हलवा," बाई म्हणाल्या.

"न्यायचा तुम्हाला होता!"

"पण अजून पोचलाय कुठे आमच्याकडे?"

"आमच्या हद्दीतून तर बाहेर पडलाय ना?"

असं त्यांचं जुंपलेलं असतानाच शहराची रुग्णवाहिका नाक्यावर थांबली आणि मामी उतरल्या. मामांनी सकाळी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, म्हणून त्या निघाल्या होत्या. दम खात, पाय ओढत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्या चाकावर हात टेकला.

"साहेब, बाई," त्या म्हणाल्या, "मी आत्ता कुणाच्या हद्दीत उभी आहे, तेवढं सांगा. म्हणजे पडले तर कुणाच्या नावानं ओरडायचं ते कळेल."

मग बाईंनी पुढे होऊन मामींचा एक हात धरला. साहेबांनी दुसरा धरला. तिघं पुलाकडे निघाली. साहेबांचा चकचकीत बूट चिखलात असा रुतला की पाय वर आला आणि बूट तिथेच राहिला. साहेब तसेच मोज्यावर चालत गेले, आणि तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल जरा बरं बोलतो.

पुलापाशी बाई म्हणाल्या, "खडी आणि डांबर आम्ही देतो."

"माणसं आणि रोलर आमचा," साहेब म्हणाले.

"आणि गाडी?" मामींनी विचारलं. "का डांबरावरूनसुद्धा मी पायीच जायचं?"

साहेबांनी आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं. "एकच गाडी," बाई म्हणाल्या. "घरापासून रुग्णालयापर्यंत."

"पण रोलर तर बंद आहे," कुणीतरी मागून बोललं.

मामांनी हँडल मारलं. पहिल्याच झटक्यात मी असा धडधडलो की पुलावरचे कावळे उडाले. मामा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "नाटकी कुठला!"

तो पट्टा मी मन लावून दाबला. पुढे नाक्याच्या जुन्या खोलीत दोन्हीकडचे अधिकारी अधूनमधून एकत्र बसू लागले. पुलापलीकडच्या वस्तीला शहराचं पाणी गेलं, कचरागाडी पुलापर्यंत जाऊ लागली. भांडणं अजूनही होतात. होऊ देत! पण आता समोरासमोर होतात.

आणि मी? भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण रिकाम्या हातानं. नाक्याजवळ उभा आहे, अंग गंजलंय, रंग उडालाय. मित्रांनो, माझी कीव करू नका. तेल घालणार असाल तर या, नाहीतर नुसतं हळहळायला येऊ नका. आणि कुठे असा मोडका तुकडा दिसला, तर तो कुणाचा हे विचारत उभे राहू नका. तिथे अडून बसा.

रस्ता झाला त्या पहिल्या दिवशी मामींची गाडी नाक्यावरून सरळ पुढे निघाली. मामी म्हणाल्या, "थांबव." मामा घाबरले. "काय गं, बरं वाटत नाही का?"

मामी उतरल्या. मामांनी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. त्या नव्या काळ्याभोर डांबरावरून, हळूहळू, मधे दोनदा थांबत, त्या एकट्या पुलापर्यंत चालत गेल्या. मग मागे वळून मामांना म्हणाल्या, "आज मला कुणी उतरवलं नाही. मी उतरले."