पेलाभर पेट्रोल

मी ट्रॅक्टर बोलतोय. डिझेलवर चालणारा, पण पेट्रोलवर सुरू होणारा. हसलात ना? सगळेच हसतात. एका पोटाला दोन प्रकारचं जेवण कशाला, असं मला स्क्रॅपवाल्यानेही विचारलं होतं.

त्यात माझा दोष नाही हो. माझा जन्म एका बर्फाळ देशात झाला. तिथल्या थंडीत डिझेलचं इंजिन जागंच व्हायचं नाही, म्हणून माझ्या कारागिरांनी डिझेलच्या मोठ्या टाकीजवळ पेट्रोलची एक छोटीशी टाकी बसवली. आधी दांडा ओढायचा, पुढे येऊन हँडल मारायचं. मी पेट्रोलवर सुरू होतो, थोडा गरम होतो, मग दांडा परत ढकलला की डिझेलवर जातो. पेट्रोलवर माझा आवाज कुरकुऱ्या म्हाताऱ्यासारखा असतो. डिझेलवर गेलो की मी असा घुमतो की समोरच्या डोंगरालाही कळतं.

बोटीने मुंबईला आलो. एका साखर कारखान्याच्या शेतावर उमेदीची वर्षं काढली. तिथे माझं कौतुक कोणी केलं नाही; नुसतं काम करून घेतलं. ते मला आवडायचं. पुढे माझ्यापेक्षा धाकटे, चपळ ट्रॅक्टर आले. मी झाडाखाली गेलो, झाडाखालून लिलावात आणि लिलावातून पळस्पे फाट्याजवळच्या भंगारात. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या बघत मी तिथे गंजत होतो.

तिथे मला चारुदत्तसाहेबांनी पाहिलं. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पनवेलला फ्लॅट आणि नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली फार्महाऊस. ते माझ्याभोवती असे फिरले, जणू मुलगी बघायला आलेत. बॉनेटवर हात फिरवून म्हणाले, "व्हिंटेज पीस आहे! मी याला जिवंत करणार."

त्यांच्या बायको, सुनीताताई, गाडीतून उतरल्याही नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "या वयात माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात, तुम्ही ट्रॅक्टर घ्या."

हौसेला मोल नसतं. मिस्त्री आले, वायरी आल्या, लाल रंग आला. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं होतं. भंगारातून कोणी हात धरून उठवलं तर कोणालाही येईल.

फार्महाऊस सांभाळायला चांगो आणि त्याची बायको शुक्री राहायचे. मागच्या खोलीत त्यांचा संसार. दोघं डोंगराकडच्या वाडीवरचे. त्यांच्या वाडीतली बाकीची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. यांनी ही जागा धरली होती. चांगोला साहेबांनी मला चालवायला शिकवलं. तो हलक्या हाताचा माणूस. हँडल मारायच्या आधी हळूच म्हणायचा, "चल रं बाबा." मी चालायचो.

फार्महाऊसला यायच्या वाटेवर एक ओढा आहे आणि त्यावर एक बुटकी फरशी, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल. पावसाळ्यात फरशीवरून पाणी जातं आणि गाड्या अडकतात. एकदा साहेबांच्या मित्राची गाडी पाण्यात बंद पडली, तेव्हा चांगोने मला ओढ्यात घातलं आणि आम्ही ती ओढून काढली. माझी मागची चाकं माणसाच्या छातीइतकी उंच. त्या पाण्याला मी काय भीक घालणार! त्या दिवसापासून साहेब प्रत्येकाला सांगायचे, "आमच्याकडे ट्रॅक्टर आहे, आम्हाला पावसाची चिंता नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार गोड लागायचं.

यंदाच्या श्रावणात शुक्रीला नववा लागला. एका शनिवारी चांगो साहेबांसमोर डोकं खाजवत उभा राहिला. मी शेडमध्येच होतो, सगळं ऐकत होतो.

"सायब, हिला पळस्प्याला भयनीकडं नेऊन ठेवतो. पाऊस जाम हाय. फरशी बुडली तर काय करायचा?"

"अरे, ट्रॅक्टर आहे ना! फोन कर, हिला बसव आणि फरशी ओलांड. पलीकडे मी गाडी घेऊन उभा राहतो. आणि उद्या पाहुणे येतायत, शुक्री नसली तर भाकऱ्या कोण करणार?"

चांगोने माझ्याकडे पाहिलं. "व्हय, ट्रॅक्टर हाय," तो म्हणाला. आणि शुक्री राहिली.

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मी ठासून सांगेन. त्यांनी त्याच संध्याकाळी चांगोला डिझेलचे कॅन आणून दिले. चांगोने माझी टाकी काठोकाठ भरली.

रविवारी पाहुणे आले. ऑफिसची माणसं, त्यांच्या बायका, मुलं, कांदाभजी, गाणी. जेवणं झाल्यावर सगळे शेडमध्ये आले, कारण साहेबांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. ते दांडा ओढायचे, हँडल मारायचे, मी पेट्रोलवर कुरकुरायला लागायचो. मग ते बोट वर करून म्हणायचे, "आता ऐका हं!" दांडा ढकलायचा, मी डिझेलवर घुमायचो आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

त्या दिवशी कोणाचं तरी शूटिंग मोबाइलवर नीट आलं नाही. मग पुन्हा. मग मिताली नावाच्या बाईंना स्वतः दांडा ढकलायचा होता. मग मुलांनी "वन्स मोअर" चालवलं. प्रत्येक वेळी मला बंद करायचं, पुन्हा पेट्रोलवर आणायचं आणि बराच वेळ तसंच कुरकुरत ठेवायचं, कारण कोणीतरी अजून भजी घेऊन यायचं असायचं. मला आतून कळत होतं. त्या लहान टाकीचा तळ लागत होता. मी एकदा खोकलो, दोनदा खोकलो. साहेब म्हणाले, "म्हातारा दमला!" सगळे हसले आणि मला बंद करून चहाला गेले. संध्याकाळी ते पनवेलला परतले.

सोमवारी उजाडताना शुक्रीच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाऊस रात्रभर कोसळत होता. फरशी पाण्याखाली गेली होती. चांगोने साहेबांना फोन केला, शुक्रीला गोधडीत गुंडाळून शेडमध्ये आणून बसवलं, दांडा ओढला आणि पुढे आला.

"चल रं बाबा."

मी काय करू! त्याने हँडल मारलं. पुन्हा मारलं. त्याचे हात सोलले. माझ्या पोटात डिझेल काठोकाठ होतं आणि मी एक ठिणगीही पेटवू शकत नव्हतो.

त्याने पुन्हा फोन लावला, स्पीकरवर. "सायब, सुरू नाय होत."

"कॉक उघडलास का पेट्रोलचा?"

"उघडला."

"टाकीत बघ."

चांगोने झाकण काढून आत बोट घातलं. "कोरडी हाय, सायब."

मग साहेब एवढंच म्हणाले, "आलो."

फार्महाऊसवर दुसरं वाहन नव्हतं, पेट्रोलचा थेंब नव्हता. चांगोने वाडीवरून भाऊ रमेशला हाक मारून बोलावलं. दोघांनी मला ढकलून पाहिलं. चिखलात माझ्यासारखं धूड ढकलणार कोण? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात; इथे शेपटाविना हत्ती जागचा हलेना.

माझी शेड उंचावर आहे, तिथून फरशी दिसते. साहेबांची गाडी पलीकडे येऊन थांबली, तसा चांगो या काठावर धावला. पंपावर सुट्टं पेट्रोल द्यायला खळखळ केली म्हणे, त्यात वेळ गेला होता. ते कॅन घेऊन पाण्यापर्यंत आले. एक पाऊल आत टाकलं, कमरेपर्यंत ओढले गेले, झुडूप धरून मागे फिरले. मग त्यांनी कॅन गरगर फिरवून चांगोच्या दिशेने फेकला. कॅन पाण्याच्या मध्यावर पडला, डुचमळला आणि वाहत निघून गेला. या काठावर डिझेल, त्या काठावर पेट्रोल, आणि शुक्री माझ्या चाकाला धरून ओरडत होती. तिची नखं माझ्या ताज्या लाल रंगात रुतली होती. मला तिला नुसतं "थांब गं बाई" एवढंही म्हणता येत नव्हतं.

शेवटी दोघा भावांनी चादरीची झोळी बांबूला बांधली आणि तिला डोंगराच्या अंगाने, वरच्या वाटेने नेलं. ती वाट पार फिरून पलीकडच्या रस्त्याला लागते. साहेब गाडी घेऊन तिथे धावले. पण मूल वाटेतच झालं, झोळीत, पावसात. मुलगी होती. रडली नाही.

शुक्री वाचली. दवाखान्यातून आज परत आली. आल्यापासून ती खोलीच्या उंबऱ्यावर बसून आहे. छाती दुधाने भरून येते, म्हणून पदर घट्ट आवळून बसलीये.

थोड्या वेळापूर्वी साहेब आले. बरोबर पेट्रोलचे दोन कॅन. वरातीमागून घोडं! त्यांचा चेहरा उतरलेला आहे, दाढी वाढलीये. त्यांना चांगोला काहीतरी द्यायचंय आणि काय द्यावं ते कळत नाही, हे मला दिसतंय. त्यांनी माझी छोटी टाकी भरली, दांडा ओढला आणि स्वतः हँडल मारलं.

देवाशपथ सांगतो, मला सुरू व्हायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण भंगारातच बरे होतो. पण पेट्रोल आत आलं, ठिणगी पडली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो.

"बघ चांगो," साहेब घाईघाईने म्हणाले, "मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये. आता टाकी कायम फुल ठेवायची. आता कधीच अडायचं नाही."

शुक्री उंबऱ्यावरून उठली. माझा आवाज ऐकत, भिंतीला धरत ती शेडच्या दारापर्यंत आली. तिने मला पाहिलं, मग साहेबांना पाहिलं. ती रागावलेली नव्हती. खरंच विचारावं तसं तिने विचारलं,

"सुरू झाला? आता कुठं जायाचा हाय, सायब?"

साहेबांचा हात दांड्यावर आहे, पण त्यांना तो ढकलताही येत नाही आणि सोडताही येत नाही. चांगो जागचा हलत नाही. आणि मी चाललोय, कुरकुरतोय, तिच्या तोंडावर धूर सोडतोय. मला आपणहून सुरू होता येत नाही, तसं आपणहून थांबताही येत नाही. अहो, तुमच्यापैकी कोणीतरी पुढे या. हात जोडायला मला हात नाहीत. मला बंद करा.