नागुबाईंची धुई

मित्रांनो, मला जुनी म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. माझ्या अंगावरचा पांढरा रंग पिवळट पडला आहे, झाकणाची एक कड तुटली आहे आणि धुकं कमी-जास्त करायची कळ फिरवताना कुरकुरते. पण टाकीत पाणी भरून कळ फिरवली, की आजही माझ्या माथ्यातून गार, पांढरं धुकं निघतं. दुकानात मला ह्युमिडिफायर म्हणतात. ज्या घरात मी राहिले, तिथे हा शब्द कुणाच्याच जिभेवर बसला नाही. तिथे माझं नाव धुई, म्हणजे धुकं.

माझी घडण साधी आहे. वर पाण्याची टाकी, खाली बैठक आणि बैठकीच्या मधोमध रुपयाएवढी एक पातळ चकती. वीज मिळाली की ही चकती इतक्या वेगाने थरथरते, की डोळ्यांना ती स्थिरच दिसते. त्या थरथरीने पाण्याचे बारीक कण होतात आणि हवेत चढतात. त्यात आग नाही, चटका नाही. कोरड्या हवेला थोडा ओलावा द्यायचा, एवढंच माझं काम. कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. खोक्यातला अंधार आठवतो आणि नांदेडच्या एका दुकानातली वरची फळी.

त्या फळीवरून मला धम्मप्रियाने उतरवलं. ती नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते. तिचे आईवडील लातूरला. वडील व्यंकटी एसटीत कंडक्टर होते. त्यांचा आवाज असा, की निलंग्याच्या स्टँडावर बाकड्यावर झोपलेला पाशिंजर खडबडून उठायचा. पुढे त्यांच्या घशातच गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले, गाठ गेली; पण जाताना घशाचा सगळा ओलावा घेऊन गेली. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असायची आणि शब्द फुटायचा नाही. पाणी मागायचं तरी हाताने खूण करावी लागे. डॉक्टर म्हणाले, गार धुक्याचं यंत्र लावून बघा, झोपेत घसा सुकणार नाही.

नांदेडहून लातूरला मी एसटीनेच आले. धम्मप्रियाने खोकं मांडीवर धरलं होतं. तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला.

"ताई, खोकं वर ठिवा की. अरे, तुमी व्यंकटीमामाच्या ना? बोलतेत का मामा आता?"

"थोडं थोडं," ती म्हणाली. खोकं तिने वर ठेवलं नाही.

घरी नागुबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, माझ्याकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला. नागुबाई मूळच्या भोकरकडच्या, शेतात राबलेल्या. माझ्या माथ्यातून धुकं निघताना पाहून त्या मागेच सरकल्या.

"प्रिया, ही तर धुई हाय! धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो माय. झाडाला सोसंना, ती मानसाला सोसंल व्हय?"

"माय, ही निव्वळ पाण्याची आहे. आणि अण्णा काही तूर नाहीत."

पलंगावरून व्यंकटींनी हात हलवला. त्यांना हसू आलं होतं, पण हसायलाही ओला घसा लागतो.

मला पलंगापासून हातभर लांब, एका स्टुलावर ठेवलं. भिंतीला टेकवलं नाही, अंथरुणावर धुकं येईल असं तोंड करून ठेवलं नाही आणि खिडकीची एक फट उघडी राहू दिली. सकाळी व्यंकटी जागे झाले. खूण करायला त्यांनी हात उचलला आणि तो तसाच खाली ठेवला.

"नागे," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण आवाज होता. "चहा टाक."

नागुबाई दारातच उभ्या राहिल्या. मग एकदम आत वळल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. एका चहाला एवढी भांडी लागत नाहीत.

त्या दिवसापासून माझा मान वाढला. शेजारच्या शबाना कढीपत्ता तोडायला अंगणात आल्या, की खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "मावशी, तुम्ही तर घराचं काश्मीर करून टाकलं!" त्यांची लहान हुमा धुक्यात हात घालून मूठ मिटायची आणि मूठ रिकामी निघाली, की माझ्यावरच रागवायची.

सुरुवातीला मला बोअरचं पाणी मिळालं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार धुक्याबरोबर उडायचा आणि टीव्हीवर, तसबिरींच्या काचांवर, व्यंकटींच्या चष्म्यावर पांढरी पूड बसायची.

"जयंतीचा सण आला का गं?" चष्मा पुसत व्यंकटी म्हणाले. "घराला चुना मारून राहिली ही."

धम्मप्रियाने फोनवर सांगितलं, "माय, तिला प्यायच्या जारचं पाणी घाल. आणि रोज बदल बरं का. रोज."

"हाव, बदलते की," नागुबाई म्हणाल्या.

आणि मित्रांनो, त्या खोटं बोलल्या नव्हत्या. हे नीट ऐका, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या आळसामुळे झालं नाही. रोज सकाळी त्या माझी टाकी काढत. उरलेलं पाणी पातेल्यात ओतत. धुतलेल्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी दुसऱ्या पातेल्यावर बांधून ते पाणी त्यातून गाळत. मग तेच पाणी टाकीत भरून, कमी पडेल तेवढं जारमधून घालत.

लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं ते वर्ष तुम्ही ऐकलं असेल. मी तेव्हा नव्हते. घरातल्या बोलण्यातून मला कळलं. त्या वर्षी नागुबाईंच्या घरात भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना जाई, भांड्यांचं पाणी फरशीला आणि फरशीचं अंगणात शिंपडायला. आंघोळ घमेल्यात बसून करायची, म्हणजे खालचं पाणी कपड्यांना मिळे. ते वर्ष सरलं, नळाला पाणी आलं, पण नागुबाईंच्या हातातून ते वर्ष गेलं नाही. निवळ, स्वच्छ दिसणारं, वर प्यायचं म्हणून आणलेलं पाणी मोरीत ओतायला त्यांचा हात वळणार कसा? गाळलं की पाणी नवं, हीच त्यांची रीत.

पण कापडाला जे दिसत नाही, ते माझ्या टाकीत वाढत होतं. तळाशी, कोपऱ्यात, चकतीच्या कडेला एक बुळबुळीत थर धरू लागला. मला तो जाणवत होता. सांगायला माझ्याकडे धुक्याशिवाय दुसरी भाषा नव्हती आणि आता तेच धुकं कुबट झालं होतं.

व्यंकटींना खोकला सुरू झाला. मग ताप भरला. छातीत घरघर यायला लागली आणि नुकता परतलेला आवाज पुन्हा गेला. उपचारांनी आधीच खंगलेला माणूस. एवढ्याशा खोकल्यानेही पलंगावर वाकून जायचा. नागुबाईंनी माझी वायर ओढून काढली आणि मला कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवलं.

"म्या म्हनलं नव्हतं? धुई बाधली!"

धम्मप्रिया नांदेडहून आली, वडिलांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, औषधं दिली आणि पहिला प्रश्न माझ्याबद्दल विचारला. "ते यंत्र रोज धुता का? पाणी साचून राहिलं तर त्यात जंतू होतात आणि धुक्याबरोबर थेट छातीत जातात."

घरी येऊन तिने मला उजेडात घेतलं. टाकी उघडली, आत बोट फिरवलं आणि ते बोट तसंच धरून बसली.

"माय, पाणी बदलत होतीस ना?"

"रोजच्या रोज. इचार त्यास्नी."

"कसं बदलायचीस, दाखव बरं."

नागुबाईंनी पातेलं आणलं, लुगड्याची घडी आणली, बांधली आणि मन लावून पाणी गाळून दाखवलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. गाळून झाल्यावर त्यांनी मान वर केली. लेकीने तेच बुळबुळीत बोट त्यांच्यासमोर धरलं. ते पाहून त्यांना कळलं.

त्या खालीच बसल्या. ओलं कापड हातात तसंच.

"म्हंजी माज्याच हातानं," त्या म्हणाल्या. "चांगलं पानी मोरीत कसं वतू गं? मन होईना. माज्याच हातानं पाजलं की मी त्यास्नी."

धम्मप्रिया त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि त्यांच्या हातातलं कापड घेऊन पिळत राहिली. पलंगावर व्यंकटी उठून बसायला बघत होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा ओला केला.

"नागे, हिकडं बघ." आवाज जेमतेम कुजबुजीएवढा. "गाडी लातूरला आली. आतले पाशिंजर उतरलेच न्हाईत. मग नवे कुठं बसतील?"

"तुमाला हितं बी गाडीच सुचून राहिली का?"

"सांग की. कुठं बसतील?"

"टपावर," नागुबाई रागाने म्हणाल्या. डोळे पुसत म्हणाल्या.

"टपावर न्हाई. शेवटचा थांबा आला की गाडी रिकामी करावी लागती. झाडून घ्यावी लागती. मोरीत नको वतू. त्या कढीपत्त्याला वत. पाशिंजर काय मरतेत व्हय? उतरून घरी जातेत."

अंगणात तेलाच्या डब्यात तो कढीपत्ता होता. निम्मा वाळलेला, तरी शबाना तोडायला यायच्याच. नागुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग धम्मप्रियाने मला स्वच्छ केलं. टाकीत पाणी आणि थोडं पांढरं व्हिनेगर घालून ठेवलं, बैठकीतही घातलं, मऊ ब्रशने चकतीची कड हलक्या हाताने घासली, वास जाईपर्यंत खळखळून धुतलं आणि टाकी उघडीच ठेवून वाळू दिली. आईला शेजारी बसवून हे सगळं केलं. पुढच्या आठवड्यापासून दर रविवारी हे नागुबाईच करू लागल्या. व्यंकटींचा ताप उतरला, छाती मोकळी झाली, तेव्हा डॉक्टरांना विचारून मला पुन्हा स्टुलावर बसवलं.

आता सकाळी टाकी निघाली, की व्यंकटी खिडकीकडे मान वळवून वाट बघत. नागुबाई डब्यावर टाकी तिरपी करत आणि आतून तो घोगरा, पण सगळी हौस भरलेला आवाज येई.

"चला, लातूर आलं, उतरून घ्या!"

"उतरले बाबा उतरले," नागुबाई म्हणत. "मागून एक म्हातारी उतरून राहिली, थांबा जरा."

कढीपत्त्याला नवी पालवी फुटली. पुढचा सगळा हिवाळा आणि त्यानंतरचा कडक उन्हाळा, ही गाडी रोज सकाळी रिकामी झाली.

मित्रांनो, मी हवा ओली करू शकते. आजार बरा करू शकत नाही. गाठ परत आली, या वेळी खाली, छातीजवळ. व्यंकटींनी फार दिवस काढले नाहीत. जाईपर्यंत त्यांना थोडं बोलता येत होतं, यापलीकडे मी काही सांगणार नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. धम्मप्रिया काही दिवस आईजवळ राहिली. पाहुणे गेले त्या संध्याकाळी नागुबाईंनी माझ्यात पाणी भरलं. कळ फिरवली नाही. मला रिकाम्या पलंगाजवळ ठेवलं आणि सकाळी टाकी काढून ते पाणी कढीपत्त्याला घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच. धम्मप्रियाने ते पाहिलं. रविवार आला तेव्हा तिने व्हिनेगरची बाटली आईजवळ आणून ठेवली. दोघी शेजारी बसल्या आणि मुळीच न वापरलेली टाकी त्यांनी घासून धुतली.

पाऊस येऊन गेला, थंडी पडली. कोरडा वारा सुटला, की शेजारून हुमाचं खोकणं ऐकू यायचं. शबाना एकदा अंगणात आल्या, पण कढीपत्त्याला हात न लावता नुसत्याच उभ्या राहिल्या.

"मावशी, डॉक्टर म्हणले, हवा कोरडी हाय, म्हणून पोरीचा घसा सुकतोय. ते मशीन लावा म्हणले... तुमच्यासारखं." पुढे त्यांना मागता येईना.

नागुबाई आत आल्या. मग टाकी उन्हात वाळवली, वायर गुंडाळली आणि मला पदराखाली धरून स्वतः पलीकडे गेल्या.

पहिल्या सकाळी त्या तिथे हजर. शबानांनी टाकी काढली, हलवून पाहिली. "मावशी, निम्मं हाय की अजून! चांगलं पाणी हाय. राहू देऊ का?"

"न्हाई," नागुबाई म्हणाल्या. "चांगलं दिसतं. न्हाई ऱ्हात. रोज रिकामं करायचं, आन रविवारी घासायचं. हुमे, टाकी धर. चल माज्या कढीपत्त्यापाशी. आन वतताना काय म्हनायचं, ते सांगते तुला."

त्यांनी हुमाच्या कानात सांगितलं.

तेव्हापासून मी हुमाच्या घरी आहे. तिचा खोकला कमी झाला आहे, आवाज मात्र वाढला आहे. नागुबाई आता रोज येत नाहीत. पण सकाळी माझी टाकी घेऊन हुमा अंगणात निघाली, की पलीकडे भांड्यांचा आवाज थांबतो.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर माझं एक ऐका. उरलेल्या पाण्यावर जीव जडवू नका, झाडाला घाला. मला धुवा, वाळवा, मग नवं पाणी भरा. आणि ओतताना म्हणायचं ते मोठ्याने म्हणा. भिंतीपलीकडे कुणीतरी त्या हाकेची वाट बघत असतं.