खंड्याच्या दारावरचा अर्धा अडसर

मी एक जुना अडसर आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग कुठे गेला तेही सांगेन, पण जरा दमाने घ्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी अडसर पाहिला असेल कुणास ठाऊक! दार लावल्यावर त्याच्या दोन्ही फळ्यांवरून आडवं सरकवतात ते जाड लाकूड म्हणजे अडसर. एका बाजूच्या भिंतीतल्या लांब पोकळीत माझं बिऱ्हाड. मला कडी धरून बाहेर ओढायचं, समोरच्या भिंतीतल्या खाचेत माझं डोकं टेकवायचं, की झालं काम. मग बाहेरच्याने खुशाल डोकं आपटत बसावं.

मी मूळचा होटगीच्या शिवारातल्या बाभळीचा. सोलापुरात शुक्रवार पेठेत गंगाधरपंत नावाचे गृहस्थ राहत. गिरणीच्या कचेरीत कारकून, स्वभावाने भारी घाबरट. गल्लीत एका घरी चोरी झाली आणि पंतांची झोपच उडाली. त्यांच्या घरात तरी असं काय घबाड होतं? बायकोच्या, म्हणजे यशोदाबाईंच्या पाटल्या, एक चंद्रहार आणि देवघरातली चांदीची चार भांडी. शिवाय चार वर्षांची लेक सरू, आणि यशोदाबाईंच्या भावाने मोडनिंबहून आणून दिलेला खंड्या नावाचा तांबडा कुत्रा. चोर आधी कुत्र्याला विष घालतात असं पंतांनी कुठेसं ऐकलं होतं. म्हणून खंड्यालाही ते अंधार पडायच्या आत घरात घेत.

त्यांनी होटगीच्या गुरप्पा सुताराला बोलावलं. "असा अडसर कर, की हत्तीने धडक दिली तरी हलता कामा नये."

गुरप्पा हसला. "हत्ती मावतुय व्हय तुमच्या गल्लीत? पर करतो की, मालक."

आणि केलाही हो! यशोदाबाईंना जड जाऊ नये म्हणून त्याने माझी वाट खाचेकडे किंचित उतरती ठेवली. कडीला जरा हिसका दिला की मी सरसर जाऊन खाचेत बसायचो. परत आत ढकलायचं म्हणजे मात्र चढ, त्याला मोठ्या माणसाचा जोर हवा. येणारा जाणारा मला हात लावून बघायचा आणि "वा पंत!" म्हणायचा. मी तर नुसता फुगून गेलो होतो. आपल्यावाचून या घराचं पानही हलत नाही, असं मला वाटू लागलं.

पंत माझ्यावर थांबले नाहीत. माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छपरात, उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्याला त्यांनी लोखंडी जाळी बसवली, खिडकीला जाड गज लावले. राहिलं होतं एकच. मागच्या न्हाणीच्या भिंतीचा तळातला एक दगड निखळून तिथे भगदाड पडलं होतं. त्यातून खंड्या बाहेरच्या बोळात जा-ये करायचा.

"हे बुजवून टाकायला हवं," पंत दर रविवारी म्हणत.

"मग त्या मुक्या जिवाने जायचं कुठून? तुम्ही उठणार आहात का पहाटे दार उघडायला?" यशोदाबाई म्हणत. पहाटे उठायचं नाव निघालं की पंत पुढच्या रविवारवर ढकलत.

सरूचा आवडता खेळ आगगाडीचा. खंड्या इंजिन आणि ती डबा. त्याची शेपटी धरून "कूऽऽ" करत ती घरभर हिंडायची. एकदा ही आगगाडी भगदाडातून थेट बोळात निघाली. पंतांनी पाहिलं मात्र, सरूला एक धपाटा बसला. "तिथून चोर येतात! पुन्हा गेलीस तर बघ!" सरू मुसमुसत म्हणाली, "नाही जाणार."

त्यानंतर पंतांनी तिला माझी कडी ओढायला शिकवली. घरात मोठं कुणी नसलं की आधी अडसर! सरूने मला सरकन खाचेत बसवलं की ते टाळ्या वाजवत, हातावर बत्तासा ठेवत. पोर खुलायची, मीही खुलायचो. मला परत ढकलायचं कसं, हे तिला शिकवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अहो, माझ्याही आलं नाही!

मग ती भोगी आली. गावात गड्ड्याची जत्रा भरली होती आणि सिद्धेश्वराचे नंदीध्वज मिरवणुकीने निघाले होते. पंत सकाळीच तिकडे गेले. यशोदाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या, सरू पलीकडच्या खोलीत झोपली होती आणि खंड्या तिच्या पायाशी होता. तेवढ्यात शेजारच्या मल्लव्वाने हाक दिली, "अगं यशोदा, कोपऱ्यावर आले बघ नंदीध्वज! चल की लवकर!"

यशोदाबाईंनी तवा उतरवला, दार नुसतं ओढून घेतलं आणि त्या गेल्या. दर्शन घेऊन लगेच परतायचं होतं. पण चुलीतलं एक जळतं लाकूड बाहेर घसरलं आणि शेजारी रचलेल्या तुरकाठ्यांना लागलं.

सरू जागी झाली. आई नाही, बाबा नाहीत. शहाणी पोर ती, धावत आली आणि शिकवल्याप्रमाणे माझी कडी ओढली. मी सरसर गेलो आणि खाचेत बसलो. अगदी नेहमीसारखा, ऐटीत.

धूर आला तशी ती मला उलट ढकलू लागली. इवलेसे तळवे, मित्रांनो! दोन्ही हातांनी, मग पाठ लावून. खंड्या भुंकत तिच्याभोवती घिरट्या घालत होता. बाहेरून यशोदाबाई धावत आल्या आणि दार बडवू लागल्या, "सरू! दार उघड गं!" आई बाहेर, लेक आत आणि मधे मी. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मोडावं आपण. कडकन मोडावं! पण मला न मोडण्यासाठीच घडवलं होतं. माणसांनी खांदे लावले, धडका दिल्या. मी तसूभर हललो नाही. त्या दिवशी मला माझीच शरम वाटली.

काहीजण माळवदावर चढले, तर झरोक्याला जाळी. त्यांनी जाळीतूनच आगीवर घागरीमागून घागरी ओतायला सुरुवात केली. धूर उलट जास्तच कोंदला. सरू माझ्यापासून उठून आत न्हाणीकडे गेली आणि मग मला काही दिसेना.

पुढचं मी मल्लव्वाच्या तोंडून ऐकलं. ती ते अजून सांगते आणि दरवेळी पदर डोळ्यांना लावते. तिने यशोदाबाईंचा दंड धरून त्यांना ओढलं. "दार काय बडवतीस खुळ्यागत? मागं चल, भगदाडाकडं!"

दोघी बोळात धावल्या. यशोदाबाईंनी भगदाडाशी तोंड नेऊन हाक मारली. धुरातून बाहेर आला तो एकटा खंड्या.

"सरू! बाळा, ये गं बाहेर!"

आतून खोकत आवाज आला, "तिथून नाही जायचं. बाबा मारतील."

 यशोदाबाई मोठ्या धीराच्या. रडू गिळून त्या म्हणाल्या, "नाही मारणार हं. आज आगगाडी होटगीला जायचीय ना? इंजिन आलं बघ! खंड्या, जा राजा, जा, सरूला आण."

खंड्या परत आत शिरला. तो जमिनीलगत सरपटत गेला म्हणे. मग नुसता धूर. मल्लव्वा म्हणते, "तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांची नावं घेऊन संपवली." आणि आतून, खोकल्याने तुटलेलं, बारीक, पण अगदी स्वच्छ ऐकू आलं,

"कूऽऽ..."

आधी खंड्याचं काजळलेलं नाक दिसलं, मग त्याची पाठ आणि मग शेपटी घट्ट धरलेली एक मूठ. यशोदाबाईंनी लेकीला ओढून छातीशी धरलं आणि त्या मोठ्याने रडू लागल्या. गल्लीचा जीव भांड्यात पडला. घागरींच्या पाण्याने आगही विझली. दोन घोंगड्या आणि तुरकाठ्या, एवढंच जळालं.

पंत गर्दीतून धापा टाकत पोहोचले, तेव्हा सरू खंड्याच्या गळ्यात हात टाकून पायरीवर बसली होती. त्यांना बघताच ती हसली. "बाबा, मी अडसर बरोबर लावला ना?"

 पंत तिथेच मातीत बसले आणि त्यांनी लेक आणि कुत्रा दोघांनाही मिठीत घेतलं.

जत्रेला आलेला गुरप्पा सापडला. त्याने दाराच्या फटीत करवत घातली आणि विचारलं, "कापू का, मालक? लई मन लावून केलता."

"काप!" पंत म्हणाले.

मी दोन तुकडे झालो आणि सुटलो. शप्पथ सांगतो, एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. एका तुकड्याची गुरप्पाने सरूला चाकांची आगगाडी करून दिली. सरू सासरी गेली तेव्हा ती गाडीही तिच्या पेटीतून गेली. दुसरा तुकडा मी. पंतांनी ते भगदाड बुजवलं नाही, नीट बांधून घेतलं आणि त्याच्या वरच्या बाजूला मला आडवं बसवलं. खंड्या म्हातारा होऊन गेला. आता त्याच्या वंशातली दोघं माझ्याखालून जा-ये करतात. चोर म्हणाल, तर या तोंडाशी कुत्री झोपलेली असताना कोण धजावणार?

दाराला नवा अडसर आला, हलका आणि सपाट वाटेचा. तो बसवला त्या संध्याकाळी सरूने हौसेने त्याची कडी धरली. पंतांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. स्वतः अडसर लावला आणि बत्तासा मुठीत धरून म्हणाले, "हं, आता उघडून दाखव."

मित्रांनो, घरं जपा, माणसं आणि मुकी जनावरंही जपा. दाराला कडी, कुलूप, अडसर, हवं ते लावा. फक्त लावायला शिकवाल त्याच दिवशी लेकरांना ते उघडायलाही शिकवा. आणि बत्तासा द्यायचाच असेल, तर उघडल्यावर द्या.